प्रश्न पैशांचा नाही

आमच्या सोसायटीत परतकर आडनावाचं कोणीही राहत नाही. तरीसुद्धा 'परतकर काका कुठे राहतात' असं विचारलंत, तर वॉचमन न अडखळता सी विंगच्या लिफ्टकडे बोट दाखवतो. काकांचं खरं आडनाव त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर आहे. ती पाटीही त्यांनी दोनदा परत केलेली. पहिल्यांदा नावावर अनुस्वार नव्हता म्हणून, आणि दुसऱ्यांदा स्क्रूचं भोक नको त्या अक्षरावर अनुस्वारासारखं दिसत होतं म्हणून.

ही जात पुण्यात विपुल असली तरी ती फक्त पुण्याची आहे असं समजायचं कारण नाही. ठाणे-डोंबिवलीकडेही तिचे उत्तम नमुने सापडतात. इतर माणसं वस्तू घेतात ती वापरायला. हा माणूस वस्तू घेतो ती आधी तपासायला, आणि तपासणीत काहीच निघालं नाही तर नाइलाजाने वापरायला. काकांची सगळी नोकरी बँकेच्या तपासणी विभागात गेली. म्हणजे उभं आयुष्य दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार घेतला, आणि निवृत्तीनंतर तेच काम समाजसेवा म्हणून विनावेतन चालू ठेवलं. घरात सालवार बॉक्स फायली आहेत. हल्लीच्या चकचकीत कागदावरची बिलं वर्षभरात पांढरी पडतात, म्हणून प्रत्येक बिलाला त्याची झेरॉक्स टाचलेली. कोथिंबिरीचं बिल मिळत नाही ही या व्यवस्थेतली एकमेव त्रुटी, आणि तिचा उल्लेख काका खंत म्हणून करतात.

त्यांनी काय परत केलेलं नाही? गवतात कर्नाटकी आंबे निघालेली 'देवगड'ची पेटी. (हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कोकणाबाहेर सगळ्यांत जास्त आनंद काकांना झाला असेल, आता या फसवणुकीविरुद्ध कायद्याचा आधार मिळाला ना.) जूनमध्ये घेतलेली छत्री सप्टेंबरात, 'अपेक्षित पाऊस न पेलल्याबद्दल'. कुकरची शिट्टी. मऊ पडलेली बाकरवडी, तीही उरलेली साडेतीन. एकदा तर रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट परत केला. "एवढी साखर माझी असूच शकत नाही," असं म्हणाले. प्रयोगशाळेने मुकाट्याने पुन्हा रक्त घेतलं. साखर चार अंकांनी कमी आली. काका जिंकले.

त्यांची पद्धत ठरलेली. दुकान ओस असेल तेव्हा काका कधी जात नाहीत. लग्नसराईत, सणाच्या आदल्या संध्याकाळी, गल्ला वाजत असतो तेव्हा जायचं. गर्दीच्या बरोबर मध्ये उभं राहायचं, आणि दुकानदाराशी बोलतोय असं दाखवत गिऱ्हाइकांशी बोलायचं. पहिलं वाक्य कायम एकच: "प्रश्न पैशांचा नाही!" हे ऐकलं की जाणता दुकानदार लगेच पैसे काढून ठेवतो. काका मात्र ते इतक्यात घेत नाहीत. आधी १९८६चा कायदा, मग त्याच्या जागी आलेला २०१९चा, मग २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन का, मग ग्राहक पंचायतीची चळवळ कशी आपल्या पुण्यातच उभी राहिली, हे सगळं झाल्यावर, साडीवाल्याकडे आलेल्या तीन बायका घेतलेल्या साड्या पुन्हा उलगडून पाहायला लागल्या की मगच काका नोटा मोजून घेतात. ज्या मालाची तक्रार चारचौघांत करता येत नाही, असा एकही माल त्यांच्या आयुष्यात तोवर आला नव्हता.

तो गेल्या दिवाळीत आला.

मुलीचा पहिला दिवाळसण. जावई नाशिकचे, व्याह्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग. लग्नानंतर मुलगी-जावयाने काका-काकूंना तिकडच्या एका वाइनरीत फिरवून आणलं होतं. उतारावरचे वेलींचे ताटवे, गार तळघर, लाकडी पिंपं, आणि शेवटी एका मुलीने दर वेळी 'आता हिचा सुगंध घ्या' म्हणत ओतलेले चार-पाच घोट. काका तिथून परतले ते अर्धे जाणकार होऊनच. 'आपल्याकडे वाईन म्हणजे दारू असा अडाणी समज आहे' हे वाक्य त्यांनी त्या पावसाळ्यात सोसायटीत बऱ्याच जणांना ऐकवलं. काकूंचंही मन वळलं, कारण ती द्राक्षांची असते. तेव्हा दिवाळसणाच्या जेवणाला जावयासाठी एक बाटली असावी, हे ठरलं.

ठरवणं सोपं होतं. आणायची कशी?

जानेवारी २०२२मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याविरुद्ध उठलेल्या गदारोळात काकांचंही एक खरमरीत पत्र होतं. निर्णय अमलात आला नाही. त्यामुळे काकांना आता सरळ वाईन शॉपमध्येच जावं लागणार होतं. गेले. स्कूटर दोन गल्ल्या अलीकडे लावली. हेल्मेट डोक्यावरच ठेवलं, काचही खाली ओढलेली. दुपारी तीनची वेळ निवडली, कारण तेव्हा ओळखीचं पुणं झोपलेलं असतं.

वाईन शॉपच्या पाटीवर 'वाईन्स' हा शब्द हातभर मोठा असतो, पण आतली वाईन शोधावी लागते. लोखंडी जाळीच्या आड, खपणारा सगळा माल हाताशी, आणि वाईनच्या सातआठ बाटल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अगदी खाली, धूळ खात उभ्या. बुचाची बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं, आणि जागा थंड व अंधारी हवी, हे काकांनी वाइनरीत ऐकलेलं होतं. एरवी एवढ्या भांडवलावर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं असतं. त्या दिवशी त्यांना फक्त लवकर निघायचं होतं. पोऱ्याने दोन बाटल्या काढल्या. एकीला फिरकीचं झाकण होतं. ते पाहून काकांना खोकल्याचं औषध आठवलं. त्यांनी बुचाची निवडली. पैसे दिले. पोऱ्याने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, काकांनी ती भाजीच्या पिशवीत घातली, वरून मेथीची जुडी ठेवली, आणि निघाले.

बिल घेतलं नाही.

दिवाळसणाच्या रात्रीचा प्रसंग मी स्वतः पाहिला, कारण शेजारी म्हणून आम्हालाही बोलावणं होतं. जावयाने बूच काढलं, पेल्यांमध्ये थोडी थोडी ओतली, आपला पेला नाकाशी नेला आणि एक क्षण थांबला. मला ते दिसलं. पण नवा जावई, पहिला दिवाळसण, सासऱ्यांनी हौसेने आणलेली बाटली. त्याने ओठ ओले केले आणि "अं... छान" म्हणाला. व्याह्यांनी घोट घेतला. हा माणूस द्राक्षातलं सगळं जाणतो; पण मुलाच्या सासुरवाडीत बसून खोड काढायची म्हणजे संबंध बिघडायचे. "पोक्त आहे," ते म्हणाले. मीही प्यायलो. मला वाटलं, वाईन अशीच लागत असणार. हेच सगळ्यांना वाटत होतं. आपल्याकडे वाईन नासलेली निघाली तरी कळत नाही याचं मुख्य कारण हे, की ती चांगली असताना कशी लागते हे फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि बाकीचे ते विचारत नाहीत. काका तर 'फ्रुटी आहे, फ्रुटी आहे' म्हणत दुसरा पेला भरायच्या तयारीत होते.

तेवढ्यात काकू मटार करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी वाईन चाखलेली नाही. टेबलाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "अहो, इथे ओल्या पुठ्ठ्याचा वास कसला येतोय? माळ्यावरचं खोकं गळतीत भिजलं होतं ना, तस्सा!"

जावयाने पेला खाली ठेवला. "आई," तो म्हणाला, "वाईनच्या पुस्तकांत अगदी हेच लिहिलेलं असतं. ओला पुठ्ठा. तळघराचा कुबट वास."

मग कोंडलेलं सगळं बाहेर आलं. दोष वाईनचा नव्हता, बुचाचा होता. बूच ओक जातीच्या एका झाडाच्या सालीपासून करतात आणि जगात सगळ्यांत जास्त ते पोर्तुगालमध्ये होतं. त्या सालीवर बुरशी असते. क्लोरीनयुक्त द्रव्यांशी तिची गाठ पडली की ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचं एक संयुग तयार होतं, आणि ते बुचातून वाईनमध्ये उतरतं. या वासाचा गुन्हेगार हाच, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. एका लिटरमध्ये चार-पाच नॅनोग्राम असलं तरी पुष्कळांच्या नाकाला कळतं. प्रकृतीला अपाय काही नाही, पण ते फळाचा सगळा वास मारून टाकतं. हॉटेलात वेटर पहिला घोट चाखायला देतो तो याचसाठी, बाटली बिघडलेली नाही ना हे पाहायला. आवडली का विचारायला नव्हे. (आपण मात्र त्या घोटाला नमुना समजून गंभीरपणे मान डोलावतो, आणि काकांसारखे काहीजण 'अजून थोडी घाला, कळत नाहीये' म्हणतात.)

व्याह्यांनाही आता मोकळं बोलता आलं. "म्हणजे द्राक्षं आपली, आणि खोड पोर्तुगालच्या झाडात!" ते म्हणाले. त्यांनी स्वतःही एके काळी वाईनची द्राक्षं लावली होती. २००१ साली राज्याचं वाईन धोरण आलं तेव्हा नाशिककडे पुष्कळांनी लावली. बारीक मणी, जाड साल, आत बिया, खायला नेलीत तर गिऱ्हाईक अंगावर येईल अशी. पुढे २००८च्या मंदीनंतर वाइनऱ्यांकडे माल तुंबला, द्राक्षं उचलेनात, तेव्हा कितीतरी बागा उपटल्या गेल्या, त्यात त्यांचीही. "द्राक्षाचा दोष नाही हे ऐकून बरं वाटलं," एवढंच म्हणून त्यांनी करंजी उचलली.

या सगळ्यात काकांचा चेहरा मात्र उजळत चालला होता. मला वाटलं होतं, खजील होतील. छे! समोर नवा जावई, व्याही साक्षीला, आणि घरात रीतसर दोष असलेली वस्तू. दिवाळसणाचा खरा आहेर त्यांनाच मिळाला होता. डायरी आली. "दोषाचं शास्त्रीय नाव पुन्हा सांगा, जावईबापू." जावयाने सांगितलं. मग नीट खात्री करून घ्यावी म्हणून बाकीचे दोषही विचारून घेतले. हवा लागून जिवाणूंनी मद्यार्काचं ॲसिटिक आम्ल केलं तर व्हिनेगरसारखी आंबट होते. नेलपॉलिश पुसायच्या द्रावणासारखा वास आला तर इथाइल ॲसिटेट. उन्हाळ्यात तापली तर बूच वर सरकतं आणि चव शिजलेल्या मुरंब्याची होते. आणि तळाशी खडीसाखरेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नये, ते टार्टारिक आम्लाचे क्षार, तो दोषच नव्हे. "दोष नाही?" काकांनी थोडं नाराज होत ते वाक्य खोडलं.

सडक्या अंड्याचा वास असेल तर तांब्याने जातो, असंही जावई बोलून गेला. तांबं गंधकाच्या संयुगांना धरून ठेवतं, हे खरंच. काकांनी अर्धंच ऐकलं. काकू आत वळताच त्यांनी देवघरातली पळी आणून जगात ओतलेल्या वाईनमध्ये बुडवली. ती पुरेशी ढवळून होते न होते तोच काकू बाहेर आल्या. पुढचं मी लिहीत नाही. त्या पळीने आजतागायत संध्येचं पाणी पुन्हा पाहिलेलं नाही. ती आता बाल्कनीत तुळशीला खत घालायला आहे. वास जिथल्या तिथे होता, कारण तो अंड्याचा नव्हताच. मग म्हणे पॉलिथिन हा बुचाचा वास शोषून घेतं. त्यावर दुधाची रिकामी पिशवी धुऊन दुसऱ्या जगात घालण्यात आली. वास खरंच थोडा कमी झाल्यासारखा वाटला. पण आता त्याला दुधाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी काका बूच, बाटली आणि उरलेली दोनतृतीयांश वाईन असा मुद्देमाल घेऊन माझ्याकडे आले. "तुम्ही साक्षीदार म्हणून चला," म्हणाले. मी म्हटलं, "बिल कुठाय?" हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेला नव्हता. विचारायची वेळच कधी आली नव्हती. काका खुर्चीवर बसले. कुकरच्या शिट्टीचं बिल असलेला माणूस, आणि या बाटलीचं बिल नाही!

एवढ्याने खचतील तर ते परतकर कसले. पण मग दुसरंच लक्षात आलं. महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला, प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, देशीचा दोन रुपयांना, विदेशीचा पाच रुपयांना, वर्षाचा मिळतो, आजीवनही मिळतो. काउंटरवर कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी. पण समजा तक्रार लेखी गेली आणि समोरच्याने उलट विचारलं, 'आपण ही बाटली कोणत्या परवान्यावर घेतलीत?' दुसऱ्याच्या कागदातली उणीव शोधण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या स्वतःच्याच कागदात ही उणीव! काकांनी त्याच आठवड्यात परवान्याचा अर्ज केला. आजीवन. "एकदाच काय ते," म्हणाले. परवाना आला. त्यावर खरेदीनंतरची तारीख होती. काकांनी तो लॅमिनेट करून ठेवला, आणि काकूंना तो कपाटात सापडल्यावर घरात जे झालं त्याचा आवाज बी विंगपर्यंत आला.

मधल्या काळात त्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनलाही फोन लावून पाहिला. हा नंबर त्यांना मुलीच्या नंबरपेक्षा जास्त पाठ आहे. पण त्याच वेळी दिवाणखान्यात काकूंचं भजनी मंडळ जमलेलं. पलीकडून वस्तूचं नाव विचारलं गेलं. "द्राक्षांचं... एक उत्पादन," काका हलक्या आवाजात म्हणाले. मनुके? नाही. रस? "रसच, पण जुना." किती जुना? काकांनी फोन ठेवला.

मग दुकान. गर्दी नसावी म्हणून त्यांनी मुद्दाम दिवस निवडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काका 'गर्दी नसावी' म्हणत होते हे मी नोंदवून ठेवतो. त्यांचा अंदाज अगदी बरोबर निघाला. कार्तिकी एकादशी, ड्राय डे, दुकान बंद. बंद शटरसमोर, हातात बाटलीची पिशवी घेऊन आम्ही दोघे उभे, आणि बाजूच्या विठ्ठल मंदिराकडे निघालेली अर्धी सोसायटी आमच्याकडे पाहत जाते आहे. "नमस्कार काका! आज उपास ना?" काकांनी पिशवी पाठीमागे घेतली.

शेवटी संध्याकाळी साडेसातलाच जावं लागलं, कारण मालक त्याच वेळी असतो म्हणे. काउंटरपुढे चार रांगा नव्हे, चार थर. "एक क्वार्टर दे", "ते नको, हाफ दे", "सुटे नाहीत, चकली घे". काकांना जशी गर्दी लागते तशीच, तुडुंब. पण त्यांचा आवाज फुटेना. एका हाताने चष्मा नाकावर चढवून ते जाळीशी पुटपुटले, "जरा... एक तक्रार होती."

"मोठ्याने बोला काका!"

"प्रश्न पैशांचा नाही," काका म्हणाले. गर्दीतला एक तरुण लगेच मागे वळून म्हणाला, "ए, काकांना पुढे घ्या रे, पैसे कमी पडतायत वाटतं." तीन हात पुढे आले, त्यातल्या एकात वीसची नोट होती. दारूच्या दुकानाइतका वडीलधाऱ्यांचा मान पीएमटीच्या बसमध्येही राखला जात नाही, हे मी स्वतः पाहिलं.

काकांनी बाटली काउंटरवर ठेवली, शेजारी छोट्या प्लास्टिकच्या डबीत बूच. "ही वाईन खराब निघाली."

मालकाने बाटली दिव्यासमोर धरली. "अर्धी तर पिलीय."

"एकतृतीयांश. त्यातलीही काही... प्रयोगात गेली." पळीचा उल्लेख काकांनी टाळला. "वास घेऊन पाहा."

"काका, दारूला वास येणारच."

"तसला नाही! यात ट्रायक्लोरोॲनिसोल आहे."

दुकान क्षणभर गप्प झालं. मग मागून एकाने आदराने विचारलं, "किती टक्के?"

"टक्के नाही हो," काकांच्यातला अभ्यासक जागा झाला, "एका लिटरमध्ये काही नॅनोग्राम."

"मग काय चढणार!" तो म्हणाला, आणि त्याचा त्यातला रस संपला.

मालक म्हणत होता ते त्याच्या जागी ठीकच होतं. सील तुटलेला माल तो घेणार कसा, आणि कोणाला देणार? युरोप-अमेरिकेत चांगला वाईनविक्रेता अशी बाटली बदलून देतो, बूच आणि बरीचशी वाईन शिल्लक असेल तर फारसं विचारतही नाही. पण तिथे तो वाईन विकतो. हा क्वार्टर विकतो, आणि वाईन ठेवतो. जाळीभोवतीच्या मंडळींनी मात्र खटला मनावर घेतला. एकाचं मत, सोड्यात मारा, वास जातो. दुसऱ्याचं, फ्रीजमध्ये ठेवून गार प्या, मग कुठलाच वास येत नाही. तिसऱ्याने बाटली उचलून हुंगली आणि प्रांजळपणे म्हणाला, "मला काय प्रॉब्लेम वाटत नाय. काका, तुम्हाला नको असेल तर मला द्या." आणि मग चौथ्या थरातून एक ओळखीचा आवाज आला: "नमस्कार सर! ओळखलंत का? मी तुमच्या हाताखाली होतो, तपासणीत."

काकांनी बूच खिशात टाकलं, बाटली पिशवीत घातली आणि जमावातून वाट काढत बाहेर पडले. पहिल्यांदाच एका दुकानातून ते पैसे, बदली माल आणि शेवटचा शब्द यांपैकी काहीही न घेता बाहेर आले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "त्या वाईन निर्णयाला मी विरोध करायला नको होता. सुपरमार्केटमध्ये निदान परताव्याची खिडकी असते."

यापुढचं सगळं मग कागदावर झालं, आणि कागदावर काका पुन्हा काका झाले. बाटलीच्या लेबलावर उत्पादकाच्या ग्राहकसेवेचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर चार पानी ई-मेल गेला. जोडपत्र अ, बाटलीचा फोटो. जोडपत्र ब, लेबलावरचा बॅच क्रमांक. जोडपत्र क, बुचाचा दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी मापासाठी एक रुपयाचं नाणं. जोडपत्र ड, सौ.चा जबाब: 'माळ्यावरच्या भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, सही.' दोन दिवसांत उत्तर आलं. दिलगिरी, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, त्याच दुकानात बदली बाटली ठेवायला वितरकाला सांगितलं आहे.

काका दिवसभर अस्वस्थ होते. "भांडलेच नाहीत हो," ते म्हणाले. "मी दुसऱ्या पत्राचाही मसुदा करून ठेवला होता."

बाटली आणायला ते गेले नाहीत. तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी सकाळी ज्येष्ठ नागरिक संघाची मासिक सभा आटोपून सगळी मंडळी फुटपाथवरून येत होती. मध्ये अध्यक्ष, एका बाजूला काका. विषय होता दुधातली भेसळ, त्यामुळे काका नेहमीच्या पट्टीत बोलत होते. समोरच्या बाजूला वाईन शॉपचं शटर अर्धं वर होत होतं. पोऱ्याने रस्त्यापलीकडून हात उंचावला.

"ओ काकाऽऽ! तुमची बाटली आलीय! कधीपासून काउंटरला पडलीय, घेऊन जा!"

मंडळी थांबली. अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "प्रश्न पैशांचा नाही—"

"मग कसला आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

काय झालं कोण जाणे, पण काकांनी रस्ता ओलांडला. दिवसाढवळ्या, हेल्मेटशिवाय, ज्येष्ठ नागरिक संघाच्या समक्ष. आणि मागोमाग, कुतूहल म्हणून, संघही ओलांडून आला. गर्दी जमली तशी काकांची मान ताठ झाली. जाळीसमोर उभं राहून त्यांनी बाटली हातात घेतली. लेबल वाचलं; 'फक्त महाराष्ट्रात विक्रीसाठी' हेही मोठ्याने वाचलं. बॅच पाहिली. वाईन मानेपर्यंत भरली आहे ना ते डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिलं. मग बोट झाकणावर गेलं आणि थांबलं.

"याला बूच नाही?"

"आता हे असंच येतंय काका. फिरकीचं. वास यायचा प्रश्नच मिटला."

काकांच्या चेहऱ्यावरून एक छाया सरकली. झाकण त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिलं. गच्च होतं. किंमत छापील होती, तारीख होती, पत्ता होता. काढण्यासारखं काहीच नव्हतं. संघ वाट पाहत होता.

"बिल द्या," काका म्हणाले.

"बदलीच्या बाटलीचं कसलं बिल? पैसे कुठे घेतलेत?"

"शून्य रुपयांचं द्या. प्रश्न पैशांचा नाही." आता आवाज खणखणीत होता, पलीकडच्या रिक्षा स्टँडवरची माणसंही वळून पाहू लागली. २०१९चा कायदा आला. २४ डिसेंबर आला. अध्यक्षांनी मान डोलावली.

मालकाने कपाळावर आठ्या घालत कुठूनतरी एक बिलबुक शोधून काढलं, कार्बन घातला, लिहिलं, फाडलं आणि जाळीतून सरकवलं. काकांनी चष्मा लावला. बिलावर होतं: 'बियर, १ नग, रु. ०.'

ते त्यांनी परत केलं.